बंद पडलेला प्रोग्रॅमिंग क्लब पुन्हा सुरू करताना : कोल्हापुरातील विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक

शिवाजी विद्यापीठाच्या विद्यानगर परिसरातील विभाग असोत किंवा कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालये असोत, संगणकाचे शिक्षण देणाऱ्या अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांचा प्रोग्रॅमिंग क्लब कधीतरी सुरू झालेला असतो, दोन-तीन वर्षे चाललेला असतो आणि मग कोणी मुद्दाम बंद न करताच थांबलेला असतो. मागे उरतो तो शांत पडलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, नोटीस बोर्डावरचे जुने पोस्टर आणि “आमच्या वेळी क्लब होता” असे सांगणारे माजी विद्यार्थी. असा क्लब पुन्हा उभा करू पाहणाऱ्या, पण यापूर्वी असे काही काम न केलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे.

या सर्व कामामागे एकच धारणा आहे, ती सुरुवातीलाच सांगतो. क्लब कार्यक्रमांवर जगत नाही, बैठकीवर जगतो. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या प्रयोगशाळेत काही मुले-मुली एकत्र बसतात आणि स्वतःच्या हाताने प्रोग्रॅम लिहितात, एवढे घडत असेल तर क्लब जिवंत आहे. हे घडत नसेल, तर उद्घाटन कितीही थाटाचे झाले तरी पुढच्या सत्रात तो पुन्हा थांबणार हे नक्की समजावे.

आधी जुना क्लब समजून घ्या

नवे नाव, नवा लोगो आणि नवा ग्रुप यांपासून सुरुवात करण्याचा मोह मोठा असतो; तो टाळावा. पहिले दोन आठवडे जुन्या क्लबची माहिती काढण्यात घालवावेत. कोल्हापूरचे बरेचसे माजी विद्यार्थी नोकरीसाठी पुण्यात असतात आणि फोनवर सहज बोलतात. त्यांना “क्लब का बंद पडला?” असे थेट विचारले, तर बहुधा “कोणाला वेळ नव्हता” एवढेच उत्तर मिळते, आणि त्यातून फारसे काही हाती लागत नाही. त्याऐवजी बारीक प्रश्न विचारावेत : बैठक कोणत्या वारी होत असे, कोणती लॅब मिळत असे, किल्ली कोणाकडून घ्यावी लागे, कोणते शिक्षक समन्वयक होते, शेवटची बैठक परीक्षेच्या आधी झाली की नंतर, आणि त्या शेवटच्या बैठकीत नेमके काय केले होते.

उत्तरांतून बहुधा तीन-चार कारणांपैकी एखादे पुढे येते. सगळा भार अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांवर होता आणि ते एकाच उन्हाळ्यात बाहेर पडले, हे सर्वांत नेहमीचे कारण. दुसरे कारण शिक्षकांशी संबंधित असते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे शिक्षक मोठ्या संख्येने आहेत; क्लबची आस्था असलेले शिक्षक त्यांपैकी असतील आणि पुढच्या वर्षी त्यांची नेमणूक झाली नाही, तर क्लबला विभागात कोणी वाली उरत नाही. तिसरे कारण असे, की क्लबमध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यशाळा तेवढ्या होत असत, त्यामुळे प्रमाणपत्र हाती पडले की येण्याचे प्रयोजन संपत असे. यांपैकी आपल्याकडे काय घडले ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण तुमच्या पहिल्या सत्राची सगळी आखणी त्या उत्तरावर अवलंबून असते.

याच फोनवर जुन्या खात्यांचेही विचारून घ्यावे. क्लबचे जीमेल, गिटहब (प्रोग्रॅम ठेवण्याचे संकेतस्थळ) किंवा इन्स्टाग्राम खाते कोणाच्या तरी वैयक्तिक क्रमांकाला जोडलेले असते. ते सहज मिळाले तर घ्यावे. नाही मिळाले तर त्यासाठी महिनाभर अडून न बसता नवे खाते काढावे.

सोबतीला दोघे-तिघे

एकट्याने सुरुवात करू नये आणि दहा जणांची कार्यकारिणीही नेमू नये. तीन माणसे पुरतात, मात्र ती विचारपूर्वक निवडावीत. त्यांपैकी किमान एक जण प्रथम किंवा द्वितीय वर्षाचा असला पाहिजे, कारण तुमच्यानंतर क्लब त्याच्याच हाती जाणार आहे. एक जण रोज बाहेरगावाहून ये-जा करणारा असावा. वसतिगृहात राहणाऱ्यांना बाहेरगावच्या मुलांच्या अडचणी सहसा सुचत नाहीत, आणि पहिल्या बैठकीला वेळेमुळे न आलेला विद्यार्थी दुसऱ्या बैठकीलाही येत नाही. तिघांमध्ये किमान एक मुलगी असावी. मुलींच्या वसतिगृहाची प्रवेशाची वेळ, घरून मिळणारी परवानगी आणि लॅबमधले वातावरण यांविषयीचे निर्णय तिच्याविना घेतले, तर ते हमखास चुकतात.

अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव अशी पदे पहिल्या वर्षी नकोत. त्याऐवजी कामे वाटावीत. एकाने लॅब आणि किल्ली पाहावी, एकाने दर आठवड्याचा प्रश्न निवडून स्वतः सोडवून आणावा आणि एकाने नोंदवही ठेवावी. ही तीन कामे दर महिन्याला आपसात बदलली, तर परीक्षेच्या काळात किंवा आजारपणात एखादा जण नसला तरी बैठक अडत नाही.

परवानगीचे पत्र

शिक्षकांनी तोंडी “हो” म्हटले म्हणून लॅबमध्ये बसायला सुरुवात करू नये. तोंडी परवानगी त्या शिक्षकांच्या हजेरीपुरती टिकते. ते रजेवर गेले की प्रयोगशाळा साहाय्यक तुम्हाला आत घेणार नाहीत, आणि त्यांचे चुकलेही म्हणता येणार नाही, कारण यंत्रांची जबाबदारी त्यांच्या माथी असते. म्हणून विभागप्रमुखांच्या नावे रीतसर पत्र द्यावे.

पत्र एका पानाचे असावे. विषयाच्या ओळीत “विद्यार्थी प्रोग्रॅमिंग क्लबसाठी दर गुरुवारी प्रयोगशाळा वापरण्याची परवानगी मिळणेबाबत” असे सरळ लिहावे. मजकुरात पाच गोष्टी याव्यात : वार आणि वेळ, प्रयोगशाळेचा क्रमांक, अंदाजे किती विद्यार्थी येतील, समन्वयक म्हणून कोणत्या शिक्षकांनी संमती दिली आहे आणि बैठकीनंतर यंत्रे, पंखे व दिवे बंद करून किल्ली परत करण्याची जबाबदारी कोण घेणार. ही पाचवी गोष्ट विद्यार्थी हटकून विसरतात, आणि परवानगी देणाऱ्याला तर नेमकी तिचीच काळजी असते. क्लबच्या उदात्त हेतूंवर तीन परिच्छेद लिहिण्यापेक्षा किल्लीविषयीचे एक वाक्य अधिक उपयोगी पडते.

पत्राच्या दोन प्रती काढाव्यात. एक प्रत कार्यालयात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन ती पोच म्हणून जपून ठेवावी. मंजुरी आल्यावर तिची एक छायाप्रत प्रयोगशाळा साहाय्यकांना स्वतः नेऊन द्यावी आणि त्यांच्याशी बोलावे. लॅबमधले कोणते यंत्र चालते, कोणते अर्ध्यात बंद पडते, पेन ड्राइव्ह चालतो की नाही, नवे सॉफ्टवेअर घालण्यासाठी पासवर्ड कोणाकडे आहे, ही सगळी माहिती त्यांच्याकडे असते आणि ती दुसरीकडे कोठेही मिळत नाही.

पहिल्या बैठकीच्या आधी निदान एकदा लॅबमध्ये जाऊन प्रत्येक यंत्रावर एखादा लहानसा प्रोग्रॅम चालवून पाहावा. यंत्रांवर अजून विंडोज ७ असेल, तर तिच्यावर चालणारी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची शेवटची आवृत्ती ३.८ आहे, तिच्यापुढची घालण्याचा प्रयत्न फसतो आणि नवख्याला कारण समजत नाही. इंटरनेट बेभरवशाचे असेल, तर लागणारे सगळे सॉफ्टवेअर आधीच उतरवून घ्यावे. सुरुवातीच्या बैठका इंटरनेटविना पार पडतील अशाच आखाव्यात.

वार, वेळ आणि एसटी

बैठकीची वेळ हा किरकोळ तपशील नाही. कागल, पन्हाळा, राधानगरी, गारगोटी, इचलकरंजी किंवा जयसिंगपूर येथून रोज येणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस एसटीच्या वेळापत्रकाला बांधलेला असतो. विद्यानगरातून केएमटीच्या शहर बसने मध्यवर्ती बसस्थानकावर पोहोचायचे, तेथून गावची गाडी धरायची आणि ती चुकली की पुढच्या गाडीसाठी ताटकळत थांबायचे, असा त्याचा क्रम असतो. संध्याकाळी सहाची बैठक वसतिगृहातल्या मुलांना सोयीची वाटते, पण तिच्यामुळे वर्गातले निम्मे विद्यार्थी बाहेर राहतात. शेवटचा तास संपल्यावर लगेच, किंवा शक्य असेल तर दुपारच्या मोकळ्या तासाला, दीड तासाची बैठक ठेवणे सर्वांत चांगले. दीड तास पुरेसा होतो, दोन तासांची बैठक मात्र रेंगाळते.

वार एकदा ठरला की सत्रभर बदलू नये. अंतर्गत परीक्षा आणि सबमिशन यांचे आठवडे आधीच पाहून त्या आठवड्यांत बैठक नाही असे सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर करावे. ऐन वेळी रद्द केलेली बैठक विश्वास घालवते. आधी जाहीर केलेली सुट्टी घालवत नाही. गणेशोत्सवात कोल्हापुरातल्या तालीम मंडळांच्या कामात आपले निम्मे विद्यार्थी गुंतलेले असतात, हेही गृहीत धरावे आणि तो आठवडा मोकळा सोडावा.

पहिली बैठक

क्लबचे भवितव्य बऱ्याच अंशी पहिल्या बैठकीत ठरते, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर लिहितो. या बैठकीत भाषण, सादरीकरण आणि परिचयाची फेरी यांना मिळून दहा मिनिटांहून अधिक देऊ नये. अकराव्या मिनिटाला प्रत्येकाचे हात कळफलकावर असले पाहिजेत. येणारा विद्यार्थी घरी जाताना “आज मी हे चालवून दाखवले” असे म्हणू शकला, तर तो पुढच्या आठवड्यात येतो.

प्रश्न निवडताना तो लहान, ओळखीचा आणि आत एखादी खरी खाच असलेला असावा. कोल्हापुरात असा एक प्रश्न प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असतो. पावसाळ्यात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी जिल्ह्यात घरोघरी विचारली जाते. तेथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तेव्हा प्रश्न असा द्यावा : पातळी फूट आणि इंच अशी घ्या आणि ती इशारा पातळीच्या खाली आहे, इशारा पातळीवर आहे की धोका पातळीवर, ते छापा.

दिसायला हा प्रश्न दोन अटींचा आहे. पण वर्गातले बरेच जण ३९ फूट १० इंच ही पातळी ३९.१० अशी दशांशात लिहितात, आणि खरा धडा तेथे सुरू होतो. संगणकासाठी ३९.१० आणि ३९.१ ही एकच संख्या असते, म्हणजे एक इंच आणि दहा इंच यांत त्याला फरक दिसत नाही. शिवाय ३९.१० ही संख्या ३९.९ पेक्षा लहान असल्यामुळे पाणी नऊ इंचांवरून दहा इंचांवर चढले, की प्रोग्रॅम पातळी उतरली असे सांगतो. ही चूक फळ्यावर आधीच समजावून सांगू नये. विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहू द्यावा, मग ३९ फूट ९ इंच आणि ३९ फूट १० इंच या दोन पातळ्यांची तुलना करायला सांगावी आणि पडद्यावर जे येईल ते त्यांनाच वाचू द्यावे. थोड्या वेळात कोणीतरी म्हणते, “सगळेच इंचात करूया.” मग ३९ फुटांचे ४६८ इंच होतात, ४३ फुटांचे ५१६ होतात, ३९ फूट १० इंच म्हणजे ४७८ होतात आणि तुलना बिनचूक होऊ लागते. एकक ठरवल्याशिवाय संख्या साठवू नये, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातून जितकी कळते त्याहून ती अशी अधिक पक्की बसते.

त्यानंतर विचारावे, की पाणी बरोबर ३९ फुटांवर असेल तर काय छापायचे? “पेक्षा मोठे” आणि “पेक्षा मोठे किंवा समान” या दोन चिन्हांतला फरक येथे निव्वळ व्याकरणाचा राहत नाही. नदीकाठच्या घराने सामान हलवायचे की थांबायचे, असा तो प्रश्न होतो. ज्यांचे लवकर झाले असेल त्यांना आठवड्याभराच्या पातळ्या एका फाइलमधून वाचून सर्वांत वेगाने पाणी चढलेला दिवस शोधायला द्यावे, आणि ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच प्रोग्रॅम लिहिला असेल त्यांना एक अट चालली तरी पुरे, असे स्पष्ट सांगावे.

एका यंत्रावर दोघांना बसवावे. एकाने टाइप करावे, दुसऱ्याने सांगावे आणि पंधरा मिनिटांनी जागा बदलाव्यात. जागा बदलण्याची वेळ समन्वयकानेच पुकारावी. नाहीतर ज्याला येते तोच टाइप करत राहतो आणि दुसरा बघत बसतो. चूक दाखवणारा संदेश पडद्यावर आला, की मदत करणाऱ्याने कळफलक ओढून घेऊ नये. त्या विद्यार्थ्याला संदेशाची शेवटची ओळ मोठ्याने वाचायला लावावी आणि कोणत्या ओळीवर चूक आहे ते त्यालाच शोधू द्यावे. मदत करणाऱ्यांनी हा एक नियम पाळला, तरी क्लबमधले शिकणे दुपटीने खरे होते, असे माझे ठाम मत आहे.

पुढच्या बैठका आणि भाषेचा प्रश्न

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीसाठी देवनागरी हा फार चांगला विषय आहे. पायथनमध्ये “कोल्हापूर” या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर ९ येते. आपल्याला मात्र त्यात को, ल्हा, पू आणि र अशी चारच अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे संगणकात साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, व्यंजन, काना, मात्रा, उकार आणि हलन्त हे प्रत्येक स्वतंत्र चिन्ह म्हणून साठवले जाते, हे येथून समजावून देता येते. तोच शब्द उलटा छापायला सांगितला, की मात्रा भलत्याच व्यंजनाला चिकटतात आणि पडद्यावर विचित्र अक्षरे उमटतात. ती दुरुस्त करण्याचा प्रयत्न तासभर सहज पुरतो. “३९” असा देवनागरीत लिहिलेला आकडा int() ला दिला, तर पायथन तो पूर्णांक म्हणून सरळ स्वीकारते, हे पाहून मुलांना नेहमी आनंद होतो. सी भाषेत तसे होत नाही. का होत नाही, ते शोधण्याचे काम पुढच्या बैठकीपर्यंत द्यावे.

बोलण्याची भाषा मराठीच ठेवावी. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला तर्क जमतो, पण इंग्रजीत प्रश्न विचारायचा म्हणून तो गप्प बसतो. लूप, फंक्शन, व्हेरिएबल हे शब्द तसेच वापरावेत, त्यांना अवघड प्रतिशब्द शोधत बसू नये. समजावणे, विचारणे आणि वाद घालणे मराठीत व्हावे. ज्यांना घरी पुन्हा ऐकायचे असेल त्यांना मुंबईच्या आयआयटीने चालवलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाची माहिती द्यावी. तेथे अनेक विषयांचे धडे मराठी आवाजातही विनामूल्य मिळतात.

प्रथम वर्षाचा विद्यार्थी आणि स्पर्धांत मुरलेला तृतीय वर्षाचा विद्यार्थी एकाच लॅबमध्ये असतील, तेव्हा प्रश्नांचे दोन स्तर ठेवणे भाग असते. तालमीत नव्या पोराला पहिल्याच दिवशी कसलेल्या पैलवानाच्या अंगावर सोडत नाहीत. वस्ताद त्याची जोड बघूनच लावतो. येथेही जोड्या लावताना तेवढीच काळजी घ्यावी. ज्याला सगळे येते त्याने उत्तर मोठ्याने सांगून टाकू नये, हा नियम पहिल्याच दिवशी प्रेमाने पण स्पष्टपणे सांगावा. मुली आणि नवखे विद्यार्थी क्लबपासून दूर होतात ते बहुतेक वेळा प्रश्न अवघड असल्यामुळे नव्हे, तर विचार करायला लागण्याआधीच मागच्या रांगेतून कोणीतरी उत्तर ओरडल्यामुळे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने

आज कोणताही सोपा प्रश्न मोबाइलवरच्या चॅटबॉटला विचारला, की पूर्ण प्रोग्रॅम मिळतो. मग क्लबमध्ये बसून तोच प्रोग्रॅम का लिहायचा, असे विद्यार्थी विचारतील, आणि त्यांना प्रामाणिक उत्तर मिळाले पाहिजे. मिळालेला प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची ताकद स्वतः लिहिल्याशिवाय येत नाही. पातळीच्या प्रश्नातली फूट-इंचाची चूक चॅटबॉटने केली आहे की टाळली आहे, हे ज्याने ती चूक स्वतः केली आहे त्याला एका नजरेत कळते.

संपूर्ण बंदी घालून उपयोग होत नाही, कारण ती पाळली जात नाही. त्यापेक्षा असा नियम ठेवावा, की बैठकीच्या पहिल्या तासात ही साधने बंद राहतील आणि शेवटच्या अर्ध्या तासात ज्याला हवे त्याने ती वापरावीत, मात्र पडद्यावरच्या कोणत्याही ओळीवर बोट ठेवून “ही ओळ काढली तर काय होईल?” असे विचारले, तर उत्तर देता आले पाहिजे. प्लेसमेंटच्या मुलाखतीतही नेमके असेच प्रश्न येतात, हे सांगितल्यावर हा नियम मुलांना जाचक वाटत नाही.

स्पर्धा आणि प्रकल्प

पहिले दीड-दोन महिने नियमित गेले, की क्लबमध्ये आपोआप दोन गट दिसू लागतात. एका गटाला कोडी सोडवायला आवडतात, दुसऱ्याला काहीतरी बनवायला. दोघांनाही जागा द्यावी, पण बैठक एकच ठेवावी.

पहिल्या गटाने कोडशेफ आणि कोडफोर्सेस या संकेतस्थळांवर सराव करावा. कोडशेफ हे भारतात २००९ साली सुरू झालेले आहे, आणि तेथील सोप्या प्रश्नांपासून आरंभ करणे नवख्यांना सोयीचे जाते. कोडफोर्सेसच्या बऱ्याच स्पर्धा आपल्याकडच्या वेळेनुसार रात्री आठच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे त्या घरून किंवा वसतिगृहातून द्याव्या लागतात. खरे शिक्षण स्पर्धेनंतर होते. स्पर्धेत जो प्रश्न थोडक्यात सुटायचा राहिला तो पुढच्या बैठकीत सर्वांनी मिळून सोडवावा आणि सोडवणाऱ्याने तो फळ्यावर समजावून सांगावा. आयसीपीसी या आंतरराष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत तिघांचा संघ असतो, संघाला एकच संगणक मिळतो आणि वेळ पाच तासांचा असतो. म्हणून तयारीही तशीच करावी : तिघे, एक यंत्र आणि कागद-पेन. एकाने टाइप करताना बाकीच्या दोघांनी पुढचा प्रश्न कागदावर सोडवायचा असतो, आणि ही सवय स्वतंत्र लॅपटॉपवर सराव करून लागत नाही.

प्रकल्प करणाऱ्यांनी प्रोग्रॅममधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे गिट पहिल्या दिवसापासून वापरावे. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या विकासासाठी बनवलेले हे साधन आज बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांत वापरले जाते, आणि अभ्यासक्रमातल्या एखाद्या तासापेक्षा दोघांनी एकाच फाइलवर काम करताना झालेल्या गुंत्यातून ते जास्त चांगले समजते. प्रकल्प लहान आणि जवळचे निवडावेत : मेसच्या मासिक हिशेबाचा तक्ता, विभागाच्या ग्रंथालयातील पुस्तकांची शोधयादी, पंचगंगेच्या पातळीचा दैनिक आलेख. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. विद्यार्थ्यांचे मोबाइल क्रमांक, जन्मतारखा किंवा गुण अशी खासगी माहिती सरावाच्या प्रकल्पासाठी गोळा करू नये आणि ती गिटहबवर तर चुकूनही ठेवू नये. त्यासाठी काल्पनिक माहिती तयार करून वापरावी.

पाहुणे आणि पैसा

पहिल्या वर्षी क्लबला पैसा लागत नाही. लॅब विभागाची असते, सॉफ्टवेअर विनामूल्य असते आणि चहा ज्याचा त्याने घ्यावा. वर्गणी गोळा केली की हिशेब येतो आणि हिशेबाबरोबर कुरबुरी येतात, म्हणून ती शक्य तितकी लांबणीवर टाकावी. प्रायोजक घेऊन मोठी हॅकेथॉन भरवण्याचा विचार वर्षभर सलग बैठका झाल्यावरच करावा.

पाहुण्यांच्या बाबतीत कोल्हापूर भाग्यवान आहे. पुण्यात काम करणारे माजी विद्यार्थी गणपती, दिवाळी आणि जोतिबाच्या यात्रेला घरी येतात. त्यांना प्रेरणादायी भाषण द्यायला सांगू नये. त्यांनी एक तास बसून क्लबमधल्या एखाद्याचा प्रोग्रॅम सर्वांसमोर वाचावा आणि कंपनीत तो कसा तपासला गेला असता ते सांगावे. अशा तासाचा परिणाम फार काळ टिकतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्री कारखान्यांतून एखाद्या अभियंत्याला बोलावता आले, तर त्यांच्याकडे उत्पादनाच्या नोंदी कशा ठेवल्या जातात आणि त्यात कोणते काम हाताने करावे लागते, एवढेच विचारावे. त्यातून पुढच्या सत्राचा एखादा प्रकल्प सापडू शकतो.

संख्या घटते तेव्हा

पहिल्या बैठकीला लॅब भरते आणि पाचव्या-सहाव्या बैठकीपर्यंत निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होतात. हे जवळजवळ प्रत्येक क्लबच्या बाबतीत घडते आणि त्यात अपयश काही नाही. या काळात दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. दोनच जण आले तरी बैठक घ्यावी, आणि त्या दोघांसमोर न आलेल्यांबद्दल तक्रार करू नये. त्यांच्यासोबत नेहमीपेक्षा चांगला प्रश्न सोडवावा. दुसरे असे, की यायचे थांबलेल्यांपैकी तिघा-चौघांना ग्रुपवर नव्हे, तर प्रत्यक्ष भेटून कारण विचारावे. प्रॅक्टिकलची वेळ बदलली, केटीचा विषय राहिला आहे, पहिल्याच बैठकीत काही समजले नाही, जोडीदार टाइप करू देत नव्हता, अशी उत्तरे मिळतात आणि त्यांपैकी निम्म्यांवर तुम्हाला काहीतरी करता येते.

हजेरी सक्तीची करू नये आणि हजेरीवर प्रमाणपत्रही देऊ नये. नोंदवही मात्र चोख असावी. दर बैठकीची तारीख, आलेल्यांची संख्या, घेतलेला प्रश्न, तो किती जणांना सुटला आणि कोठे अडले, एवढे पाच ओळींत लिहावे. विभागप्रमुखांनी सत्राच्या शेवटी काय झाले असे विचारले, तर हीच वही दाखवता येते, आणि पुढच्या वर्षी प्रश्न निवडणाऱ्यालाही तिचाच आधार मिळतो.

सूत्रे पुढे देताना

जुना क्लब अंतिम वर्षाबरोबर संपला असेल, तर तुमचाही तसाच संपण्याचा धोका आहे, आणि त्यावरचा उपाय वर्षाच्या शेवटी नव्हे तर मध्यावर करावा लागतो. जानेवारीत नवे तिघे निवडावेत, तेही सोबतीच्या निवडीच्या वेळी सांगितलेल्या कसोट्यांवर. फेब्रुवारीपासून बैठका त्यांनी चालवाव्यात आणि तुम्ही मागच्या रांगेत साध्या सभासदासारखे बसावे. त्यांनी निवडलेला प्रश्न तुम्हाला कमी दर्जाचा वाटला, तरी बैठकीत मध्येच बोलू नये. बैठक संपल्यावर बोलावे. दोन-तीन बैठका त्यांच्या हातून फसल्या तरी चालेल, कारण त्या सावरायला तुम्ही अजून तेथे असता. जुलैमध्ये फसल्या तर सावरायला कोणी नसते.

खात्यांचे पासवर्ड एका लिफाफ्यात घालून समन्वयक शिक्षकांकडे आणि विभागाच्या कार्यालयात अशा दोन ठिकाणी ठेवावेत, आणि खात्यांना जोडलेला मोबाइल क्रमांक बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याचा नसल्याची खात्री करून घ्यावी. नोंदवही, परवानगीच्या पत्राची पोच, वापरलेल्या प्रश्नांची फाइल आणि मदत करायला तयार असलेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी, त्यांची संमती घेऊन, नव्या तिघांच्या हाती द्यावी. समन्वयक शिक्षक तासिका तत्त्वावर असतील, तर कायमस्वरूपी शिक्षकांपैकी एकाची सहसमन्वयक म्हणून संमती याच वेळी लेखी घ्यावी. आणि उन्हाळी सुट्टीपूर्वी, परीक्षा सुरू होण्याच्या आधीच, नव्या तिघांनी स्वतःच्या सह्यांनी पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी लॅबचे पत्र कार्यालयात देऊन त्यावर आवक क्रमांक घ्यावा, म्हणजे जुलैमध्ये वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या गुरुवारची बैठक परवानगीवाचून अडून राहणार नाही.